पारंपरिक धनुष्याने पहिली कॅरिबू शिकार: अलास्काच्या डाल्टन हायवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हे पान अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या, तिथल्या कायद्यानुसार शिकार शिकू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रानटी रेनडिअर. धनुष्य म्हणजे इथे लाँगबो (लांब, साधं धनुष्य) किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य). पुली लावलेला कंपाउंड बो नव्हे.

पहिल्या शिकारीसाठी डाल्टन हायवेच का?

इथे विमान भाड्याने न घेता कॅरिबूपर्यंत पोहोचता येतं आणि इथला पट्टा धनुर्धाऱ्यांसाठी राखीव आहे. फेअरबँक्सच्या उत्तरेला लिव्हनगुडजवळ सुरू होणारा हा रस्ता ४१४ मैलांनंतर डेडहॉर्सला संपतो. १९७४ साली तेलवाहिनीच्या बांधकामासाठी तो तयार झाला. युकॉन नदीच्या उत्तरेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांच्या पट्ट्यात बंदुकीने शिकार करता येत नाही. लाँगबो, रिकर्व्ह आणि कंपाउंड चालतात, क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) चालत नाही. या पट्ट्यात ऑफ-रोड वाहनांनाही मनाई आहे. रस्ता सोडला की पुढचा सगळा प्रवास पायी किंवा नदीतून होडीने करायचा.

शिकारीची मुख्य जागा ब्रुक्स पर्वतरांगेच्या उत्तरेकडचा उघडा टुंड्रा. तिथे सेंट्रल आर्क्टिक कळप फिरतो. २०१० च्या सुमारास या कळपात सुमारे ७०,००० जनावरं होती, २०१६ पर्यंत ती २२,००० च्या आसपास उरली. त्यानंतर किती जनावरं घेता येतील यावर कडक मर्यादा आल्या. म्हणून कोणा मित्राच्या जुन्या सहलीवरून बेत आखू नका. अलास्का डिपार्टमेंट ऑफ फिश अँड गेम या सरकारी विभागाची त्याच वर्षीची नियमपुस्तिका उघडा आणि युनिट २६-बी चं (शिकारीच्या नकाशावर या टुंड्राच्या भागाला दिलेला क्रमांक) पान शब्द न् शब्द वाचा. हंगाम, नर की मादी, किती जनावरं, सगळं तिथे दिलेलं असतं.

कोणती कागदपत्रं लागतात?

शिकारीचा परवाना, कॅरिबूचा लॉकिंग टॅग (जनावराला अडकवायचा बिल्ला) आणि हार्वेस्ट तिकीट (ज्यावर शिकारीचा अहवाल द्यायचा ते). अलास्काबाहेरच्या अमेरिकी नागरिकाला वार्षिक परवान्यासाठी १६० डॉलर आणि टॅगसाठी ६५० डॉलर मोजावे लागत आले आहेत. निघण्याआधी चालू दर पाहून घ्या. टॅग हा धातूचा असतो. जनावर पडल्यावर तो लगेच अडकवायचा, तळावर पोहोचल्यावर नाही.

केवळ धनुष्यासाठी राखीव भागात बोहंटर (धनुष्याने शिकार करणारा) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही जवळ हवं. इंटरनॅशनल बोहंटर एज्युकेशन प्रोग्रॅमचं किंवा त्याच्या तोडीचं चालतं. यात लोक हमखास अडकतात, कारण प्रत्यक्ष मैदानावरच्या सत्रांच्या तारखा मोजक्याच असतात. ऑगस्टला जायचं असेल तर जानेवारीतच नाव नोंदवा.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. मला गाइड लागेल का?

भारतातून थेट शिकारीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला अलास्कात कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड सोबत असणं बंधनकारक आहे, आणि त्यात कॅरिबू येतो. परराज्यातल्या अमेरिकी नागरिकाला मात्र ही सक्ती फक्त तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि पहाडी बकऱ्यासाठी आहे. अमेरिकेत व्हिसावर राहत असाल तर परवाना घेण्याआधी आपला दर्जा सांगून फिश अँड गेम विभागाकडून लेखी उत्तर मिळवा. चुकीच्या वर्गातला परवाना म्हणजे परवाना नसल्यासारखंच.

धनुष्य किती पौंडाचं असावं?

पौंड म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर, आणि ओढ म्हणजे प्रत्यंचा मागे खेचण्याची लांबी. कॅरिबूसाठी कायद्याने किमान ४० पौंड. आमचा सल्ला ४५ ते ५५ चा, आणि तोही तुमच्या स्वतःच्या ओढीला मोजलेला. धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीचा असतो. तुमची ओढ २६ इंच असेल तर ५० पौंडाचं धनुष्य तुमच्या हातात ४५ च्या आसपास येतं. स्प्रिंग स्केलवर ओढून पाहा.

जास्त पौंडाचा मोह टाळा. टुंड्रावर तासभर ओल्या मॉसमध्ये (शेवाळात) पडून राहिल्यावर, गारठलेल्या खांद्याने, गुडघ्यावर बसून सावकाश ओढता येईल तेवढंच तुमच्या धनुष्याचं खरं वजन. न पेलणारं धनुष्य अर्ध्या ओढीवरच सुटतं, आणि चुकीच्या जागी लागलेल्या बाणांचं हे एक मोठं कारण आहे.

विमानप्रवासासाठी तीन तुकड्यांचा टेकडाउन रिकर्व्ह सर्वांत सोयीचा. फायबरग्लास लावलेली धनुष्यं ओलाव्याला दाद देत नाहीत. एकसंध लाकडाची किंवा पाठीला जनावराच्या कंडरा चिकटवलेली धनुष्यं सलग पावसात ढिली पडतात, त्यामुळे पहिल्या खेपेला ती घरी ठेवलेली बरी. कोणतंही धनुष्य उन्हात बंद गाडीत ठेवू नका, थर सुटतात. आधी ताणून बसवलेली, ब्रेस हाइट (मूठ आणि प्रत्यंचेतलं अंतर) जुळवलेली एक जादा प्रत्यंचा खिशात असू द्या.

बाण आणि पातं कसं निवडायचं?

कायदा सांगतो: बाण किमान २० इंच लांब, पात्यासह किमान ३०० ग्रेन (बाण तोलायचं लहान एकक) वजनाचा, पात्याची रुंदी किमान ७/८ इंच आणि पात्याला उलटे काटे नकोत. पारंपरिक धनुष्यासाठी ३०० ग्रेन फारच हलके. दर पौंडाला १० ग्रेन धरा. ५० पौंडाला ५०० ग्रेन, जमल्यास ५५०. जड बाण हळू जातो, पण आवाज कमी करतो, वाऱ्यात कमी ढळतो आणि बरगडीला लागला तरी आत जातो.

पातं दोन धारांचं, टोकापासूनच कापत जाणारं घ्या. उघडझाप होणारी पाती या वेगाला नकोत, उघडण्यातच त्यांची ताकद जाते. धार इतकी हवी की हातावरचे केस अलगद निघाले पाहिजेत. दमट हवेत रात्रीत गंज धरतो, म्हणून धारेवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा आणि रोज तपासा.

शेल्फवरून (मुठीच्या वरची, बाण टेकवायची कड) बाण सोडायचा असेल तर पिसंच हवीत, प्लास्टिकचे व्हेन (पिसांऐवजी लावायच्या पट्ट्या) शेल्फला आपटून बाण भरकटतो. पिसं भिजली की चपटी होतात, म्हणून जलरोधक पावडर आणि भात्यावर टोपी. पाठीवरचा भाता इथे कामाचा नाही. सरपटताना बाण खडखडतात आणि पुढे सांडतात. धनुष्याला लावायचा किंवा कमरेचा भाता घ्या. एकूण बारा बाण न्या, सहा अंगावर आणि सहा गाडीत.

किती अंतरावरून बाण सोडावा?

बहुतेकांसाठी २० यार्ड, मुरलेल्यांसाठी २५. या एका आकड्याभोवती बाकीचा सगळा बेत बसवायचा असतो: कधी जायचं, कुठे दबा धरायचा, काय अंगावर घालायचं.

तुमचा आकडा असा काढा. सकाळी उठून, एकही सरावाचा बाण न सोडता, पहिला बाण १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात लागतो का ते पाहा. सलग दहा दिवस. दहापैकी नऊ वेळा ज्या अंतरावर तो लागतो ती तुमची हद्द. सरावाच्या शेवटी, हात तापल्यावर जमलेलं अंतर धरू नका, कारण जनावरासमोर मिळणारा बाण पहिलाच असतो.

उघड्या टुंड्रावर झाड नाही, खांब नाही, त्यामुळे डोळा हमखास फसतो. सेकंदाला १७० फुटांनी जाणारा बाण २० यार्डांचा अंदाज धरून २५ यार्डांवरच्या जनावरावर सोडला, तर तो जवळजवळ वीतभर खाली लागतो. वीतभर खाली म्हणजे छातीऐवजी पाय. लेझर रेंजफाइंडर जवळ ठेवा आणि दबा धरताच आसपासचे दगड, झुडपं मोजून लक्षात ठेवा. वारा जोरात असेल तर हद्द आणखी पाच यार्डांनी आत घ्या.

सराव कसा करावा?

ज्या कपड्यांत शिकार करणार त्याच कपड्यांत. नव्याने येणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे उन्हाळाभर टी-शर्टमध्ये सराव आणि तिथे जाड रेनकोट. प्रत्यंचा बाहीला घासते आणि बाण डावीकडे-उजवीकडे कुठेही जातो. आर्मगार्ड रेनकोटच्या वरून बांधा, बाही ढिली असेल तर पट्टीने आवळा. बोटांवरचं कातडी टॅब भिजलं की प्रत्यंचा अडखळत सुटते, म्हणून दोन टॅब ठेवा, एक कोरड्या पिशवीत.

गुडघ्यावर, बसून, उतारावर तिरकं उभं राहून आणि पाठीवर पिशवी ठेवून बाण सोडा. लाँगबोचं खालचं टोक बसल्यावर जमिनीला टेकतं. तसं होत असेल तर धनुष्य थोडं आडवं धरण्याचा सराव हवा. शेवटचे दोन महिने फक्त ब्रॉडहेड (शिकारीचं पातं) लावून. सरावाच्या टोकांबरोबर सरळ जाणारा बाण ब्रॉडहेड लावल्यावर वळू शकतो. तसं दिसलं तर बाणाचा कडकपणा धनुष्याशी जुळलेला नाही.

कधी जावं?

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस खूप मोठा असतो, पण डासही भरपूर. त्यांच्यापासून सुटायला कॅरिबू वाऱ्याच्या कड्यांवर, नदीतल्या गोट्यांच्या पट्ट्यांवर आणि उरलेल्या बर्फाच्या चकत्यांवर येऊन थांबतात. हे ध्यानात ठेवलं तर शोध सोपा होतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला नरांच्या शिंगांवरची मखमल उतरते, मानेवरचे पांढरे केस वाढतात, डास संपतात आणि पहिला बर्फ पडतो. पहिल्या मोहिमेसाठी आम्ही हाच काळ सुचवतो, कारण थंडीत मांस सांभाळणं सोपं जातं. ऑक्टोबरमध्ये माज सुरू झाला की मोठ्या नराच्या मांसाला उग्र वास येतो.

शिंगं मादीलाही असतात, त्यामुळे शिंगांवरून नर ठरवू नका. मागून दुर्बिणीने पाहा, मादीच्या शेपटीखाली काळसर ठिपका दिसतो. नराचं अंग मोठं आणि कपाळावर पुढे आलेलं फावड्यासारखं शिंग ठळक असतं.

प्रत्यक्ष शिकारीसाठी किमान सात दिवस धरा. कळप दोन-तीन दिवस अजिबात दिसत नाही, मग एका सकाळी दरी भरून जाते.

गाडी आणि रस्त्याची तयारी काय?

भाड्याने गाडी देणाऱ्या बऱ्याच कंपन्या डाल्टनवर गाडी न्यायला मनाई करतात. करारात तसं लिहिलेलं नसल्याची खात्री करा. फेअरबँक्सला परवानगी देणारे आहेत, पण त्यांच्या गाड्या लवकर संपतात. दोन पूर्ण आकाराचे जादा टायर, जॅक, सीबी रेडिओ आणि दोन कॅन पेट्रोल घ्या. पेट्रोल युकॉनच्या पुलाजवळ, कोल्डफूटला आणि डेडहॉर्सला मिळतं. कोल्डफूट ते डेडहॉर्स हे अंतर २४० मैल, मध्ये पेट्रोल कुठेही नाही. शिकारीला रोज मागे-पुढे फिरणं होतं, तेही हिशेबात धरा.

जवळपास सगळ्या रस्त्यावर मोबाइल चालत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण आवश्यक. ट्रक येताना दिसला की वेग कमी करून उजवीकडे सरका, दगड उडून काच फुटते. ॲटिगन खिंड सुमारे ४,७४० फुटांवर आहे आणि तिथे ऑगस्टमध्येही बर्फ पडू शकतो. पुढे २७५ व्या मैलाला गॅलब्रेथ तलावाजवळ तंबू ठोकायला जागा आहे.

गाडी रस्त्यावर थांबवून दुर्बीण लावू नका. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे बाण सोडणं बेकायदा आहे. तेलवाहिनीच्या दिशेने बाण सोडायचा नाही आणि तिच्या फाटकांसमोर गाडी लावायची नाही. उत्तर टोकाला प्रुडो बेचा भाग मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी पूर्ण बंद आहे. त्याची हद्द नकाशावर आधीच आखून ठेवा.

उघड्या मैदानात २० यार्डांवर पोहोचायचं कसं?

पाठलाग करून नाही. चरत चालल्यासारखा दिसणारा कॅरिबू टसॉकवरून माणसाच्या दुप्पट वेगाने निघून जातो. टसॉक म्हणजे गुडघ्यापर्यंत उंच, डगमगणारे गवताचे गठ्ठे आणि त्यांच्यामध्ये पाणी. तिथे तासाला दीड किलोमीटर चाललात तरी खूप. कळपाच्या मागे लागणारा शिकारी दिवसभर फक्त पाठी पाहतो.

कॅरिबू कुठे जाणार आहे ते ओळखून आधी तिथे पोहोचायचं. तास-दोन तास दुर्बिणीने पाहा. पहिले चार-पाच जिथून गेले तिथून मागचे बरेचदा जातात. दोन तलावांमधली चिंचोळी जमीन, नदी ओलांडायची जागा, डोंगरातली खोलगट वाट, विलोच्या झुडपांचा काठ, अशा ठिकाणी वाट अरुंद होते. ओढ्याच्या पात्रातून, काठाखाली वाकून, वळसा घालून पुढे जा. ब्रुक्स रांगेतल्या अनाक्टुव्हुक पासच्या नुनामिउट लोकांचं जगणं पिढ्यान् पिढ्या कॅरिबूवर चाललं आहे. कळपाचे पुढारी आधी निघून जाऊ द्यावेत, म्हणजे मागचा कळप वाट सोडत नाही, ही त्यांची जुनी रीत. आम्हाला याहून चांगला सल्ला माहीत नाही. पहिला नर दिसला की हात शिवशिवतात, पण त्याला जाऊ द्या.

वारा सतत तोंडावर हवा. कॅरिबूची नजर हलणाऱ्या वस्तूवर जाते, पण वास लागला की सगळं संपतं. शंका आलेला कॅरिबू बरेचदा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला येतो, त्यामुळे दबा धरताना ती बाजू पाण्याने किंवा उंच काठाने बंद असलेली निवडा. त्याने मागचा एक पाय बाजूला ताणून धरला की तो सावध झालेला असतो. तेव्हा हलू नका, डोळ्याला डोळा देऊ नका. बऱ्याचदा तो मिनिटभरात पुन्हा चरायला लागतो.

क्षितिजरेषेवर उभं राहू नका. छापील कपड्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. बसलेल्या कळपाकडे जाण्याची घाई नको. ते उठेपर्यंत थांबलात तर कदाचित तेच तुमच्याकडे येतील. धनुष्य ओढायची वेळ म्हणजे त्याचं डोकं झुडपामागे किंवा खाली चरत असताना.

नेम कुठे आणि नंतर काय?

जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं तिरकं असलं पाहिजे. समोरून छातीवर, चालताना किंवा पूर्ण पाठमोऱ्यावर बाण सोडू नका. पुढचा पाय पुढे टाकलेला असताना, त्याच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. मागे दुसरं जनावर उभं असेल तर थांबा. बाण आरपार जातो आणि एका टॅगवर दोन जनावरं जखमी होतात.

बाण सुटल्यावर उभे राहू नका, ओरडू नका. जागा लक्षात ठेवा आणि दुर्बिणीने पाहत राहा. उघड्या मैदानाचा हा मोठा फायदा आहे, बरेचदा ते डोळ्यांसमोर पडतं. फुप्फुसाला लागला तर बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असतं. अर्धा तास थांबून जा. हिरवट, वास येणारा द्रव असेल तर बाण पोटात आहे, किमान सहा तास थांबा. लवकर उठवलेलं जनावर मैलोन् मैल जातं आणि मॉस रक्त शोषून घेत असल्याने माग लागत नाही. जखमी जनावर हाती लागलं नाही तर शोध पूर्ण करा, आणि आमच्या मते तुमचा टॅग वापरला गेला असं समजून मोहीम तिथेच थांबवा.

मांस किती निघतं आणि बाहेर कसं काढायचं?

मोठा नर १६० ते १८० किलोचा असतो. हाडं काढून ५० किलोच्या आसपास मांस निघतं. एका माणसाने टसॉकवरून २० ते २५ किलो पाठीवर घेणं म्हणजे पुरे. हाडांसकट चार खेपा धरा. गाडीपासून दोन किलोमीटरवर जनावर पडलं तर जाताना चार वेळा ओझं आणि तीन वेळा रिकामं परत, एकूण १४ किलोमीटर, ज्याला दोन दिवस लागतात. म्हणून एकट्याने पहिल्या वेळी दोन किलोमीटरच्या पलीकडे बाण सोडू नका, जनावर कितीही सुंदर असलं तरी. पाच मैलांच्या पट्ट्याच्या टोकाला जाऊन शिकार करणं हे दोन-तीन तगड्या जोडीदारांचं काम आहे.

कायद्याने मान, छातीचं मांस, बरगड्यांचं मांस, पुढचे-मागचे पाय, पाठीची लांब पट्टी आणि आतली मऊ पट्टी एवढं सगळं आणावं लागतं. नुसती शिंगं नेणं हा गंभीर गुन्हा आहे. शिंगं मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतरच हलवायची. फक्त नराची परवानगी असेल तर लिंगाचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो.

मांस खराब होतं ते उबेमुळे, ओलाव्यामुळे आणि माश्यांमुळे. पडल्यावर लगेच कातडी काढा, मांड्यांची ऊब आत अडकू देऊ नका. हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्या सहा घ्या. प्लास्टिकची पिशवी कधीही नाही. विलोच्या फांद्या आडव्या टाकून त्यावर पिशव्या ठेवा म्हणजे खालून वारा लागतो, आणि वर ताडपत्रीचं छप्पर करा, पण पिशव्यांना चिकटवू नका. वरची पातळ कोरडी साल धरली की मांस सुरक्षित झालं.

अस्वलांचं काय?

ग्रिझली इथे आहेतच. आतड्यांच्या ढिगापासून मांस लगेच किमान शंभर मीटर दूर, लांबून दिसेल अशा उंच जागी हलवा. परत येताना आधी दुर्बिणीने पाहा, मग मोठ्याने बोलत या. अस्वलाने मांसाचा ताबा घेतला असेल तर ते सोडून द्या. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) विमानात ना हातातल्या सामानात चालतो ना खालच्या, म्हणून फेअरबँक्सला उतरल्यावर घ्या. स्टोव्हच्या गॅसचंही तसंच. स्प्रे पिशवीत नाही, छातीवर किंवा कमरेला हवा.

मांस घरी विमानाने कसं न्यायचं?

फेअरबँक्सला मांस कापून, गोठवून देणारी दुकानं आहेत. सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडे गर्दी असते, जाण्याआधी फोन करून जागा धरा. पूर्ण गोठलेलं मांस जाड खोक्यात किंवा कूलरमध्ये भरा, सर्वसाधारण मर्यादा सामानाच्या एका नगाला ५० पौंडांची. कोरडा बर्फ वापरायचा तर प्रवाशामागे अडीच किलोपर्यंत, विमान कंपनीच्या परवानगीने, आणि खोक्याला वायू बाहेर पडायला फट ठेवून. परवाना आणि टॅगची माहिती खोक्याच्या आत-बाहेर लिहून ठेवा. हार्वेस्ट तिकिटाचा अहवाल ऑनलाइन भरायला विसरू नका, जनावर मिळालं नाही तरीही. कळपाची पुढची मर्यादा ठरवताना विभाग हेच आकडे पाहतो.